निकालात न दिसणारी मुलं

जून उजाडला की तालुक्याच्या गावात महाविद्यालयाचे दोन फ्लेक्स लागतात. एकावर ‘टी.वाय.बी.ए. निकाल ९० टक्के’ आणि खाली पहिल्या तीन मुलींचे फोटो. दुसऱ्यावर ‘प्रवेश सुरू’. या दोहोंच्या मध्ये तीन वर्षं असतात आणि त्या तीन वर्षांचा हिशेब मात्र कुठेच टांगलेला नसतो. समजा, एफ.वाय.ला १२० जणांनी प्रवेश घेतला. एस.वाय.ला ८५ उरले, टी.वाय.ला ६०. त्यांतले ५४ पास झाले. निकाल ९० टक्के लागला, आणि तो खोटा नाही. पण १२० घरांतून मुलं निघाली होती, त्यांतल्या ६६ घरांत पदवी पोचली नाही. त्या घरांच्या बाजूने पाहिलं तर निकाल ४५ टक्क्यांचा. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत; पण ग्रामीण भागात शिकवणाऱ्या कुठल्याही प्राध्यापकाला ते दाखवा, तो चमकणार नाही.

शाळेतली गळती आपण मोजतो. प्राथमिकला किती, उच्च प्राथमिकला किती, माध्यमिकला किती, याचे आकडे यूडायस या शाळांच्या माहितीप्रणालीतून दरवर्षी जाहीर होतात, त्यावर विधानसभेत प्रश्न विचारले जातात, वर्तमानपत्रांत अग्रलेख येतात. बारावीनंतर हा शब्दच गायब होतो. उच्च शिक्षणाची अखिल भारतीय पाहणी प्रवेशितांची संख्या सांगते आणि त्या वर्षी उत्तीर्ण होऊन बाहेर पडलेल्यांची संख्या सांगते. अमुक साली आत आलेल्यांपैकी किती जण पदवी घेऊन गेले, हे ती सांगत नाही. २०२१-२२ च्या पाहणीनुसार देशाचं उच्च शिक्षणातलं ढोबळ नोंदणी प्रमाण २८.४ टक्के होतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३५ पर्यंत ते ५० टक्क्यांवर न्यायचं ठरवलं आहे. म्हणजे देशाने स्वतःपुढे ठेवलेलं सर्वांत मोठं उद्दिष्टसुद्धा दारातून आत येणाऱ्यांचं आहे. निम्मी तरुण पिढी महाविद्यालयात नाव घालेल आणि त्यातली निम्मी मध्येच निघून जाईल, तरी उद्दिष्ट पूर्ण झाल्याचा सोहळा करता येईल.

एक अपवाद आहे. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत, मंजूर जागांच्या तुलनेत किती विद्यार्थी ठरलेल्या मुदतीत उत्तीर्ण झाले, याला गुण असतात. पण त्या क्रमवारीत उतरायचं की नाही हे संस्थेच्या मर्जीवर, आणि माहिती भरणारीही संस्थाच. ज्या महाविद्यालयांबद्दल हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा, ती तिथे क्वचितच दिसतात.

अमेरिकेत १९९० साली संसदेने कायदा केला आणि महाविद्यालयांना आपलं पदवीपूर्तीचं प्रमाण जाहीर करणं भाग पडलं. अमेरिका आदर्श आहे म्हणून हे सांगत नाही. तिथलं अपयश मोठं आहे. फक्त ते मोजलेलं आहे. सहा वर्षांत पदवी किंवा प्रमाणपत्र मिळवणाऱ्यांचं प्रमाण तिथे एकूण ६० टक्क्यांच्या थोडं वर आहे. चार वर्षांची सरकारी विद्यापीठं घेतली तर ते दोन तृतीयांशाच्या आसपास जातं, नफा न कमावणाऱ्या खासगी विद्यापीठांत तीन चतुर्थांशाच्या पुढे. दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजं, जिथे गरीब, नोकरी करणारी, घरातून पहिल्यांदाच कॉलेजला आलेली मुलं जातात, तिथे चाळिशीच्या पुढे थोडंसंच.

हे आकडे पाहिल्यावर पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: चांगली मुलं चांगल्या कॉलेजात जातात, म्हणून तिथे ती टिकतात, यात कॉलेजचं काय? आपल्याकडेही स्टाफरूममध्ये हेच ऐकू येतं, फक्त जरा मोकळ्या भाषेत. ‘अहो, त्यांची कुवतच नव्हती.’ या वाक्यात थोडं तथ्य आहे आणि बरीच सोय आहे. विल्यम बोवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘क्रॉसिंग द फिनिश लाइन’ या पुस्तकात अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांतल्या मुलांचा अभ्यास मांडला. सारखे गुण, सारखी घरची परिस्थिती असलेली मुलं अधिक निवडक विद्यापीठात गेली तर पदवी पूर्ण करण्याचं प्रमाण जास्त, कमी निवडक ठिकाणी गेली तर कमी. मूल तेच, संस्था वेगळी, शेवट वेगळा.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रात साडेचार हजारांहून अधिक महाविद्यालयं आहेत. पदवी देणारी म्हणून ती एका यादीत बसतात, पण त्यांचे प्रकार इतके वेगळे आहेत की त्यांना एकच शब्द वापरणंही धाडसाचं आहे. एका टोकाला पवईची आयआयटी. विद्यार्थी कॅम्पसवर राहतो, जेवण मेसमध्ये, ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडं. इथे गळती कमी असते. पण जी असते तिचाही एक चेहरा असतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत सांगितलं की आधीच्या पाच वर्षांत आयआयटींमधून इतर मागासवर्गीयांचे २,०६६, अनुसूचित जातींचे १,०६८ आणि अनुसूचित जमातींचे ४०८ विद्यार्थी बाहेर पडले. केंद्रीय विद्यापीठांतून याच तीन गटांचे साडेनऊ हजारांहून अधिक. सरकारचं म्हणणं असं की विद्यार्थ्यांपुढे अनेक पर्याय असतात, ते एका संस्थेतून दुसरीकडे जातात. काही जात असतीलही. पण खोली, जेवण, ग्रंथालय सगळं असूनही माणूस एकटा पडतो तेव्हा निघून जातो, हे अमेरिकेत व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ पासून मांडलं आहे. संस्था आपली वाटते की नाही, यावर टिकणं अवलंबून असतं, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. वसतिगृहाच्या कॉरिडॉरमध्ये पहिल्याच आठवड्यात ‘तुझी रँक किती?’ असं विचारलं जातं, त्या प्रश्नाचा रोख कळणाऱ्या मुलाला टिंटो वाचावा लागत नाही.

दुसरं टोक म्हणजे २००१ नंतर निघालेली कायम विनाअनुदानित महाविद्यालयं. नावातला ‘कायम’ हा शब्द शासनाने फार प्रामाणिकपणे वापरला: अनुदान आज नाही, उद्याही मागू नका. इथे इमारतीत ज्युनिअर कॉलेजही भरतं, प्राध्यापक तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, आणि सीएचबीचा माणूस तीन कॉलेजांत तास घेऊन घर चालवतो. यंदा शिकवणारा सर पुढच्या वर्षी असेलच असं नाही. एफ.वाय.ला ज्याने नाव लक्षात ठेवलं तो एस.वाय.ला भेटत नाही. मग मूल येईनासं झालं तर फोन कुणी करायचा? अनुदानित महाविद्यालयं एके काळी याहून बरी होती. रिक्त पदं वर्षानुवर्षं न भरल्याने त्यांतली अनेक आता विनाअनुदानितासारखीच चालतात.

अभियांत्रिकीचं गणित निराळं. १९८३ साली वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांचं दार उघडलं आणि हजारो घरांत पहिला इंजिनिअर आला. त्याबद्दल कुणी नाकं मुरडू नयेत. पण त्या दारामागे केटी (विषय राहणं) आणि वायडी (वर्ष वाया जाणं) नावाचे दोन अडसर आहेत. पहिल्या वर्षाचा विषय राहिला तर तिसऱ्या वर्षाला बसता येत नाही. एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, अडकला की वर्ष गेलं. गंमत अशी की इथे मूल सहसा सोडत नाही. शिक्षणकर्ज घेतलेलं असतं, जमीन विकलेली असते, गावात ‘इंजिनिअरिंगला आहे’ असं सांगून झालेलं असतं. चार वर्षांची पदवी सहा वर्षांत होते, पण होते. भरलेली फीच त्याला धरून ठेवते. बी.ए.च्या मुलाला असं धरून ठेवणारं काही नसतं. त्याची फी कमी, म्हणून त्याचं जाणंही स्वस्त.

म्हणून मला बी.ए., बी.कॉम.च्या वर्गाबद्दल जास्त बोलायचं आहे. महाराष्ट्रातली सर्वांत मोठी आणि सर्वांत शांत गळती तिथे होते.

ती सुरू कशी होते पाहा. बहुतेक वेळा मूल नापास होऊन जात नाही. ते परीक्षेचा फॉर्म भरत नाही. फॉर्मची तारीख येते तेव्हा घरात पैसे नसतात, मग लेट फी, मग सुपर लेट फी, आणि मग ‘पुढच्या वर्षी बघू’. मराठवाड्यात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कोयता निघतो आणि घरातला मोठा मुलगा किंवा मुलगी एक तर आईबापांबरोबर फडावर जाते, नाही तर मागे राहिलेली भावंडं सांभाळते. पहिल्या सत्राची परीक्षा नेमकी त्याच वेळी. पश्चिम महाराष्ट्रात पोलीस भरती निघाली की निम्मी पोरं पहाटे मैदानावर आणि दिवसभर अकॅडमीत. मुलींचं लग्न एस.वाय.च्या उन्हाळ्यात ठरतं. सासरचे ‘शिकवू की’ म्हणतात आणि कॅटलॉगमध्ये टी.वाय.ला ते नाव नसतं. एमआयडीसीत बारा तासांची पाळी लागली की मुलगा आधी सकाळचे तास सोडतो, मग दिवस, मग सत्र. कुणी राजीनामा देत नाही. टीसी न्यायलासुद्धा येत नाही.

आणि एसटी. राज्यात पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो. ही योजना किती मुलींना शाळेत घेऊन आली, हे गावात कुणालाही विचारा. पण ती बारावीला संपते. ज्या वर्षी कॉलेज सुरू होतं, त्याच वर्षी पासाला पैसे लागू लागतात. सवलतीच्या पासात विद्यार्थ्याला एक तृतीयांश भरावे लागतात, मान्य. पण ज्या घरात मुलीला पुढे शिकवावं की नाही यावर आधीच दोन मतं आहेत, तिथे तो एक तृतीयांशही एक मत होऊन बसतो. २०२१-२२ चा एसटीचा संप सहा महिने लांबला. त्या वर्षी कोविडनंतर शहरातली कॉलेजं पुन्हा भरली, तालुक्याची नाही.

मग महाविद्यालय काय करतं? इथे एक अप्रिय गोष्ट सांगायला हवी. मे-जूनमध्ये अनेक अनुदानित महाविद्यालयांचे प्राध्यापक गावोगाव फिरून विद्यार्थी गोळा करतात. पटावर संख्या असली तर वर्कलोड टिकतो, वर्कलोड टिकला तर पद टिकतं. भर उन्हात मोटरसायकलवर फिरणाऱ्या त्या माणसांची मी चेष्टा करत नाही. त्यांच्यामुळे कित्येक मुली उंबरठ्याबाहेर पडल्या. पण या व्यवस्थेत प्रवेशाशी नोकरी बांधलेली आहे आणि पूर्ततेशी काहीच नाही. ते मूल मार्चमध्ये परीक्षेला बसलं की नाही, यावर कुणाचंही पद, अनुदान किंवा बढती अडत नाही. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीत मेंटॉर-मेंटीची यादी असते, सह्या असतात, ग्रुप फोटोही असतो. ज्या मुलाने ऑगस्टपासून तोंड दाखवलेलं नाही त्याचीही सही असते, हा आपल्या दप्तरी कौशल्याचा भाग.

मुक्त विद्यापीठाकडे मात्र वेगळ्या नजरेने पाहायला हवं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झालं ते ज्यांना दार बंद होतं त्यांच्यासाठी. तिथे पूर्वतयारी शिक्षणक्रम करून बारावी न झालेला माणूसही बी.ए.ला बसू शकला. पोलीस शिपाई, अंगणवाडी सेविका, चाळिशीत पुस्तक हाती घेतलेल्या गृहिणी. अशा विद्यापीठाचं पूर्ततेचं प्रमाण नियमित महाविद्यालयाच्या शेजारी ठेवून नाक मुरडणं अन्याय आहे. दूरशिक्षणात गळती जगभर जास्त असते, कारण विद्यार्थ्याचा दिवस आधीच विकलेला असतो. मात्र याच कारणाने अभ्यासकेंद्रावर कुणी तरी विचारपूस करणारं हवं, आणि नेमका तिथेच आपण सर्वांत कमी खर्च करतो. पुण्याच्या पेठांत एमपीएससी करता करता मुक्त विद्यापीठातून पदवी घेणारी मुलं हा आणखी एक वर्ग. त्यांना पदवी केवळ अर्ज भरायला हवी असते आणि ती बहुतेक मिळवतातही. एकाच विद्यापीठात इतक्या तऱ्हेची माणसं असताना एकच टक्केवारी काढून काही कळत नाही. मोजायचं तर माणूस कशासाठी आला होता, हेही मोजावं लागेल.

‘कुवत नव्हती’ या वाक्याकडे परत येतो, कारण त्याला फार चांगलं उत्तर मिळालेलं आहे. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये आपल्या कम्युनिटी कॉलेजांत एएसएपी नावाचा कार्यक्रम सुरू केला. पुढे त्याची चाचणी झाली ती चिठ्ठ्या टाकाव्यात तशी: कच्च्या तयारीच्या, गरीब विद्यार्थ्यांमधून काहींना कार्यक्रमात घेतलं, बाकीच्यांना नेहमीसारखं ठेवलं. दिलं काय? प्रवासाचं कार्ड, पाठ्यपुस्तकं, फीची उरलेली रक्कम, सोयीच्या वेळेचे वर्ग, आणि थोड्याच विद्यार्थ्यांची जबाबदारी असलेला एक सल्लागार, जो वारंवार भेटतो आणि आला नाहीस तर का, असं विचारतो. तीन वर्षांत पदवी घेणाऱ्यांचं प्रमाण नेहमीच्या गटात २२ टक्के, कार्यक्रमातल्या गटात ४० टक्के. ओहायो राज्यातल्या तीन महाविद्यालयांत तोच प्रयोग केला, तिथे १९ आणि ३५. कुवत दोन्ही गटांची सारखीच होती. दर विद्यार्थ्यामागे खर्च वाढला, पण न्यूयॉर्कमध्ये दर पदवीमागे तो कमी झाला, कारण अर्धवट सोडलेल्या शिक्षणावर झालेला खर्च वाया जायचा थांबला.

बसभाडं, पुस्तकं, फी, सोयीची वेळ आणि नावानिशी ओळखणारा माणूस. महाराष्ट्राला यात नवं काय आहे? राजर्षी शाहूंनी १९०१ पासून कोल्हापुरात जातीजातींची वसतिगृहं उभी केली ती हेच ओळखून की शाळा काढली तरी खेड्यातल्या पोराला राहायला जागा नसेल तर ती शाळा ब्राह्मणवाड्यापुरतीच राहील. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, तेव्हा मुलं तिथे राहायची, राबायची, एका पंगतीत जेवायची. १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं ते ‘कमवा आणि शिका’ या पायावर. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून तास सकाळी ठेवले. विद्यार्थ्याने कॉलेजच्या वेळेशी जुळवून घ्यावं, असं या तिघांपैकी कुणीच म्हटलं नाही. त्यांनी कॉलेज विद्यार्थ्याच्या दिवसात बसवलं.

आज आपण काय करतो? भाऊरावांच्या नावाची योजना विद्यापीठांत आहे, तिच्यात झाडांना पाणी घालायचं किंवा ग्रंथालयात पुस्तकं लावायची आणि तासावर मानधन घ्यायचं. चांगलीच आहे, पण किती जणांना? शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. तिची वार्षिक रक्कम ठिकाणानुसार ४३ हजार, ५१ हजार आणि मोठ्या शहरांत ६० हजार रुपये ठरली. कागदावर ही आपली एएसएपीच. पण मेसवाला दर महिन्याला पैसे मागतो आणि योजनेचा हप्ता कित्येकदा वर्ष सरताना येतो. शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज कोणत्या टप्प्यावर अडकला आहे हे पाहत बसलेली मुलं प्रत्येक सायबर कॅफेत दिसतात. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी शासनाने माफ केली, हा मोठा निर्णय आहे. तरी फी हा खर्चाचा एक भाग झाला. खोलीचं भाडं माफ झालेलं नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीला आपल्याच नोंदी तपासताना दिसलं की पदवीच्या काठावर आलेली मुलं थोड्याशा थकबाकीमुळे नावं कमी होऊन बाहेर जात आहेत. विद्यापीठाने ती बाकी स्वतः भरायला सुरुवात केली. आपल्याकडे तशाच थकबाकीपोटी हॉल तिकीट अडवलं जातं.

आता एक रास्त आक्षेप. पूर्तता मोजू लागलं की महाविद्यालयं आकडे वाढवतील, मुलांना नव्हे. अंतर्गत गुणांची खैरात होईल, कॉपीकडे डोळेझाक होईल, किंवा अशक्त वाटणाऱ्या मुलाला दारातच नको म्हटलं जाईल. ही भीती पोकळ नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने दोन वर्षांच्या महाविद्यालयांचा निधी असा निकालाशी जोडला, तेव्हा पदव्या वाढल्या नाहीत. अल्प मुदतीची प्रमाणपत्रं वाढली. म्हणून पैसा आकड्याशी बांधू नये असंच माझं मत आहे. आकडा फक्त उघडा करावा. आणि तो एकटा नको: बारावीला किती गुण असलेली मुलं घेतली, किती मुली, किती राखीव प्रवर्गातली, किती नोकरी करणारी, हे शेजारी हवं. ४० टक्क्यांची मुलं घेऊन त्यांतल्या निम्म्यांना पदवीपर्यंत नेणारं जव्हारचं एखादं कॉलेज, ९५ टक्क्यांच्या मुलांपैकी नव्वद टक्के टिकवणाऱ्या शहरी कॉलेजापेक्षा जास्त काम करत असेल, आणि ते तेव्हाच कळेल.

नव्या धोरणातल्या बहुप्रवेश-बहुनिर्गमनाबद्दल मला याच कारणाने धास्ती वाटते. पहिल्या वर्षानंतर सोडलं तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी. लग्नामुळे सुटलेली मुलगी चार वर्षांनी परत येऊन श्रेयांकांच्या बळावर पुढे शिकू शकेल, तर या व्यवस्थेचं सोनं झालं. पण परत येणाऱ्यांची नोंद जाहीर झाली नाही, तर काल जिला गळती म्हणत होते तिला उद्या ‘निर्गमन’ म्हणतील आणि प्रमाणपत्र देऊन निरोप देतील. एका वर्षाच्या बी.ए. प्रमाणपत्रावर चाकणच्या कारखान्यात कोण काय देतं, ते तिथल्या कंत्राटदाराला विचारून पाहावं.

हे मोजायला नवं खातं लागत नाही. विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी कायम नोंदणी क्रमांक, म्हणजे पीआरएन मिळतो आणि प्रत्येक परीक्षेचा फॉर्म त्याच क्रमांकाने भरला जातो. आता श्रेयांक बँकेचं खातंही विद्यार्थ्याच्या नावे उघडलं जातं. एफ.वाय.ला दिलेले क्रमांक आणि पदवी प्रमाणपत्रावरचे क्रमांक विद्यापीठाच्या एकाच संगणकात आहेत. ते एकमेकांशेजारी ठेवायचं कुणाला सुचत नाही असं नाही. ठेवल्यावर जे दिसेल ते कुणालाच नको आहे. विद्यापीठांनी महाविद्यालयवार ही यादी दरवर्षी जाहीर करावी आणि ज्या महिन्यात परीक्षेचा फॉर्म आला नाही त्याच महिन्यात महाविद्यालयाला त्या मुलाचं नाव कळवावं, एवढी मागणी अवास्तव नाही.

तोवर पालकांनी आणि मुलांनी प्रवेशाच्या खिडकीवर एक प्रश्न विचारावा: तीन वर्षांपूर्वी या वर्गात किती जण आले होते आणि त्यांतल्या किती जणांनी पदवी घेतली? उत्तर मिळालं नाही, तर विद्यापीठं आणि अनुदानित महाविद्यालयं माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तर तीस दिवसांत देणं बंधनकारक आहे.